सावध राहायचे ते कोणी?

३१ मे २०२५ रोजी, शनिवारी सायंकाळी, सदाशिव पेठेत भावे हायस्कूलजवळच्या चहाच्या दुकानापाशी रोजच्यासारखी गर्दी होती. पेठेतल्या अभ्यासिकांमधून दिवसभर पुस्तकात मान घालून बसलेले विद्यार्थी ज्या वेळी चहासाठी बाहेर पडतात, ती ही वेळ. त्या गर्दीत एक मोटार घुसली आणि बारा जण जखमी झाले. जखमींमध्ये स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांचा भरणा होता. काहींच्या पायांची हाडे मोडली. चालक मद्याच्या अमलाखाली होता, असे पोलिसांनी सांगितले आणि त्याला अटक झाली. दोन-तीन दिवस वृत्तपत्रांची पाने आणि वाहिन्यांचे पडदे या घटनेने व्यापले. त्यानंतर पेठेचे व्यवहार पूर्ववत सुरू झाले.

या अपघाताची आठवण ठेवण्याचे कारण त्यातील जखमींच्या संख्येपुरते मर्यादित नाही. त्यातील बहुतेकांनी काहीही चुकीचे केले नव्हते, हे खरे कारण आहे. ते सिग्नल मोडून धावत नव्हते, दुभाजकावरून उड्या मारत नव्हते, कानात यंत्र खुपसून वाहनांच्या गर्दीतून वाट काढत नव्हते. ते रस्त्याच्या कडेला उभे होते. पादचाऱ्यांना सावधगिरीचे जे धडे वर्षानुवर्षे दिले जातात, त्यांपैकी कोणत्याही धड्याने त्यांना वाचवले नसते.

आपल्याकडे रस्ता सुरक्षेची मोहीम निघाली, की तिचा निम्मा तरी भाग पादचाऱ्याला उपदेश करण्यात खर्ची पडतो. आधी सप्ताह होता, २०२१ पासून महिना झाला. उपदेश तोच राहिला. ‘रस्ता ओलांडताना दोन्ही बाजूंना पाहा’, ‘झेब्रा पट्ट्यांवरूनच रस्ता ओलांडा’, ‘मोबाइलवर बोलत चालू नका’. यातले एकही वाक्य चूक नाही. मात्र ते ज्याला ऐकवले जाते, त्याच्यापाशी रस्त्यावरील सर्वांत कमी शक्ती आणि सर्वांत कमी संरक्षण असते. टनभर वजनाचे यंत्र चालवणाऱ्याने, रस्ता आखणाऱ्याने आणि कायदा राबवणाऱ्याने किती सावध राहायचे, याचे फलक चौकात क्वचितच दिसतात. सदाशिव पेठ हा या विसंगतीचा अभ्यास करण्यासाठी उत्तम नमुना आहे. कारण पुण्यात आजही मोठ्या संख्येने माणसे जिथे पायी चालतात, त्या भागांत या पेठेचा क्रमांक बराच वर लागतो.

पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंचे नाव लाभलेली ही पेठ मोटारींसाठी वसलेली नाही. वाड्याचा दरवाजा उघडला, की ओटा आणि ओट्याखाली रस्ता, अशी तिची मूळ रचना. माणसे, पालख्या, बैलगाड्या, पुढे टांगे आणि सायकली एवढ्यांचा भार तिच्या बोळांनी सहज पेलला. सायकलींचे शहर म्हणून पुण्याची ख्याती होती, तोपर्यंत गल्लीच्या तोंडाशी घंटी वाजली की बाजूला सरकणे एवढीच सावधगिरी पुरत असे. आज वाडे पडून इमारती उभ्या राहिल्या आणि एका वाड्यात जेवढी बिऱ्हाडे होती तेवढ्याच सदनिका असल्या, तरी दर बिऱ्हाडामागे दोन दुचाक्या आणि एक मोटार आली. रस्त्याची रुंदी मात्र बहुतेक ठिकाणी होती तेवढीच राहिली. ‘दारासमोर वाहन लावू नये, हवा सोडली जाईल’ ही खास पुणेरी पाटी विनोदाचा विषय झाली खरी, पण ती मुळात जागेच्या लढाईतली पाटी आहे. त्या लढाईत घरमालक आणि वाहनमालक हे दोन पक्ष आहेत. तिसरा, म्हणजे पायी चालणारा, त्या पाटीतही नाही.

हा पायी चालणारा कोण, हे पाहणे उद्बोधक आहे. सकाळी भावे हायस्कूल, रेणुका स्वरूप, ज्ञान प्रबोधिनी, टिळक रस्त्यावरील न्यू इंग्लिश स्कूल अशा शाळांकडे निघालेली मुले. त्यांच्याबरोबर किंवा त्यांच्यामागून, दूध, भाजी आणि देवदर्शन उरकायला निघालेले ज्येष्ठ नागरिक. जुन्या पुण्यातील अनेक कुटुंबांची पुढची पिढी कोथरूड, सिंहगड रस्ता किंवा थेट परदेशी गेल्याने मागे उरलेले. दुपारनंतर टिळक स्मारक मंदिर, भरत नाट्य मंदिर, महाराष्ट्र साहित्य परिषद येथील कार्यक्रमांना येणारे रसिक. आणि दिवसाच्या कोणत्याही प्रहरी, मराठवाडा, विदर्भ, सोलापूर, खानदेशातून आलेले, खोली, खाणावळ, अभ्यासिका आणि क्लास या चौकोनात वर्षे काढणारे विद्यार्थी. मुले, वृद्ध आणि तरुण परगावकर. यांतील बहुतेकांपाशी वाहन नाही आणि पेठेतल्या रस्त्यांच्या नियोजनाबाबत त्यांचे मत विचारण्याचा प्रघातही नाही.

पदपथाचे दुखणे

पेठेत फिरताना पादचारी पदपथ सोडून रस्त्यावरून का चालतो, असा प्रश्न वाहनचालक त्रासून विचारतात. त्याचे उत्तर पदपथावरच पाहायला मिळते. काही पावले चालावे, तर दुकानाच्या पायऱ्या पुढे आलेल्या असतात. त्या ओलांडाव्या, तर विजेचा डीपी बॉक्स. तिथून वळसा घालावा, तर ओळीने लावलेल्या दुचाक्या. मधूनच एखाद्या इमारतीत मोटार शिरावी म्हणून पदपथ उतरता केलेला असतो आणि पुन्हा चढवलेला असतो. भारतीय रोड काँग्रेसच्या ‘आयआरसी १०३’ या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शिकेनुसार पदपथावर किमान १.८ मीटर रुंदीची निर्वेध वाट हवी. दोन चाकांच्या खुर्च्या समोरासमोर आल्या, तर सुखाने जाता यावे, असा त्यामागचा हिशेब आहे. पेठेतल्या अनेक पदपथांवर दोन माणसे समोरासमोर आली, तर एकाला रस्त्यावर उतरावे लागते. ते एक पाऊल खाली पडते, तेव्हा मागून काय येत आहे हे त्याला दिसत नसते.

या ठिकाणी फेरीवाल्यांकडे बोट दाखवणे सर्वांत सोपे आहे आणि अतिक्रमणविरोधी कारवाईची छायाचित्रेही त्यांचीच छापून येतात. फेरीवाल्यांमुळे अडथळा होतो, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु उभ्या वाहनांनी खाल्लेली जागा डोळ्यांना अतिक्रमण वाटेनाशी झाली आहे, ही अधिक गंभीर बाब आहे. शिवाय कडेला ओळीने उभी असलेली वाहने दुहेरी नुकसान करतात. पदपथ असेल तर ती तो अडवतातच आणि रस्ता ओलांडणाऱ्याची दृष्टीही अडवतात. उंच टेम्पोच्या मागून रस्त्यात आलेले दहा वर्षांचे मूल दुचाकीस्वाराला दिसते, तेव्हा ब्रेक लावण्याची वेळ बहुधा निघून गेलेली असते.

चहाच्या दुकानांचे दुखणे जरा निराळे आहे. अमृततुल्याच्या चार बाय सहाच्या गाळ्यात गिऱ्हाईकाला बसायला जागा नसतेच. कप हातात घेऊन बाहेर उभे राहणे हाच त्या व्यवसायाचा रिवाज. ज्या पेठेत हजारो विद्यार्थी दहा-बाय-दहाच्या खोलीत तिघे-चौघे राहतात, तिथे ही कडेची जागा म्हणजे त्यांचा दिवाणखाना, चर्चागृह आणि विसावा. तिथे गर्दी होणार, हे रोज सायंकाळी दिसणारे सत्य आहे. ते कोणत्याही सर्वेक्षणाविना कळते. मग त्या जागेवर आणि धावत्या वाहनांमध्ये लोखंडी खांबांची एक ओळ, उंच केलेला पदपथ किंवा वेग मोडणारा उंचवटा का असू नये? अमली पदार्थ वा मद्य घेतलेल्या चालकाला उपदेशाने थांबवता येत नाही; जमिनीत पक्का रोवलेला खांब मात्र थांबवू शकतो, निदान वेग तरी मोडतो.

ओलांडण्याची विद्या

पादचाऱ्याची सावधगिरी अनावश्यक आहे, असा याचा अर्थ कोणी काढू नये. जोवर रस्ते असे आहेत, तोवर जीव वाचवण्याचे ते शेवटचे साधन आहे. पण ही सावधगिरी नेमकी कशी असावी, याबद्दल शाळेत शिकवलेले धडे पुण्याच्या रस्त्यांना पुरे पडत नाहीत.

‘आधी उजवीकडे, मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे’ हा पाठ दुहेरी आणि शिस्तीच्या वाहतुकीसाठी रचलेला आहे. पेठेला लागून असलेला लक्ष्मी रस्ता किंवा बाजीराव रस्ता वर्षानुवर्षे एकेरी वाहतुकीचा आहे. तिथे पादचारी साहजिकच ज्या बाजूने वाहने येतात तिकडेच पाहतो आणि विरुद्ध दिशेने कडेकडेने येणारी दुचाकी त्याला धडकते. लांबचा वळसा वाचवण्यासाठी ‘जरासे’ उलटे येणे हा गुन्हा आहे, असे त्या चालकाला वाटतच नाही. म्हणून एकेरी रस्त्यावर तर दोन्ही बाजूंना पाहणे अधिकच आवश्यक ठरते, हा उलटा धडा पुणेकराला स्वानुभवाने शिकावा लागतो.

दुसरा धोका त्याहून कपटी आहे. झेब्रा पट्ट्यांवर उभ्या असलेल्या आजींसाठी एखादा सज्जन मोटारचालक थांबतो, हाताने ‘या’ अशी खूण करतो. आजी निघतात. थांबलेल्या मोटारीमुळे त्यांना पलीकडचे दिसत नाही आणि मोटार का थांबली याचा विचार न करता तिला ओलांडून पुढे येणाऱ्या दुचाकीस्वाराला आजी दिसत नाहीत. चालकाच्या सौजन्यानेच पादचारी संकटात सापडतो, असा हा प्रकार. यावर उपाय एकच, थांबलेल्या वाहनाच्या पुढच्या टोकाशी क्षणभर थबकायचे, वाकून पलीकडे पाहायचे आणि मगच पुढचे पाऊल टाकायचे. पीएमपीच्या बसमधून उतरणाऱ्यालाही हीच गोष्ट लागू पडते. थांब्यापाशी रिक्षा आणि दुचाक्या लागलेल्या असल्याने बस रस्त्याच्या मधोमध थांबते आणि बस व पदपथ यांच्यामधल्या फटीतून डावीकडून दुचाक्या सुसाट निघतात. पायरीवरून उतरण्याआधी मागे वळून पाहणे, ही खबरदारी पुण्यात जगण्याची अट झाली आहे. उतरल्यावर बसच्या पुढून रस्ता ओलांडणे तर पूर्णपणे टाळावे. बस निघून गेल्याशिवाय पलीकडचा रस्ता दिसतच नाही.

पावसाळ्यात छत्री पुढे कलती धरली, की समोरची निम्मी दृष्टी जाते. सायंकाळी गडद कपड्यांतला माणूस वाहनाच्या दिव्यांत फार उशिरा दिसतो. जिथे पदपथ नाही तिथे वाहनांकडे पाठ न करता, ती समोरून येताना दिसतील अशा बाजूने, म्हणजे दुहेरी रस्त्यावर उजव्या कडेने चालणे अधिक सुरक्षित. ‘डावीकडून चाला’ हा लहानपणी घोटवलेला नियम मुळात वाहनांचा आहे. विजेवर चालणाऱ्या दुचाकींनी आणखी एक जुना आधार काढून घेतला. पेठेतली वडीलधारी मंडळी पिढ्यानपिढ्या कानाने रस्ता ओलांडत आली. इंजिनाचा आवाज आला की थांबायचे, नसला की निघायचे. विजेची गाडी जवळ येईपर्यंत आवाज करीत नाही. कानावरचा हा विश्वास सोडणे सत्तरीच्या माणसाला सोपे जात नाही. तरुणांनी मात्र कानात यंत्रे घालून तो आपणहून सोडला आहे! मोबाइलच्या पडद्याकडे पाहत चौक ओलांडणाऱ्यांना बोल लावावा तेवढा थोडा. ती चूक निःसंशय त्यांची आहे.

तरीही वय आणि शरीर यांच्या मर्यादा उपदेशाने दूर होत नाहीत. समोरून येणाऱ्या वाहनाचा वेग आणि अंतर यांचा एकत्रित अंदाज लहान मुलांना नीट करता येत नाही. ती क्षमता वयाबरोबर हळूहळू येते. म्हातारपणी मान वळवायला वेळ लागतो, मोतीबिंदूने दिव्यांचे वलय होते, चाल मंदावते. रस्ता ओलांडण्याच्या वेळेचे गणित मांडताना माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो, असे सामान्यतः धरले जाते. समजा, रस्ता १८ मीटर रुंद आहे. तरुणाला १५ सेकंद पुरतील. गुडघे दुखणाऱ्या, सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्या आजोबांना त्यासाठी साडेबावीस सेकंद लागतील. सिग्नल १५ सेकंदांचा असेल, तर तो बदलतो तेव्हा आजोबा रस्त्याच्या दोन-तृतीयांशावर असतात आणि दोन्ही बाजूंनी हॉर्न सुरू होतात. यात आजोबांची सावधगिरी कुठे कमी पडली?

वेगाचा हिशेब

ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार सेकंदाला सुमारे आठ मीटर अंतर कापते. अचानक समोर माणूस आला, हे मेंदूला कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरला, तर कोरड्या रस्त्यावर ती साधारण १३ ते १४ मीटरमध्ये थांबते. हीच मोटार ५० च्या वेगात असेल, तर तेवढ्या १३-१४ मीटरमध्ये चालकाचा पाय जेमतेम ब्रेकवर पोहोचलेला असतो. म्हणजे ज्या ठिकाणी पहिली मोटार उभी राहिली असती, त्याच ठिकाणी दुसरी जवळजवळ पूर्ण वेगाने माणसावर आदळते. पादचारी तोच, त्याची चूक तीच. एकदा तो शिव्या खाऊन घरी जातो, दुसऱ्यांदा रुग्णालयात. मद्याच्या अमलाखालील चालकाला तो एक सेकंदही पुरत नाही. वेग ५० वरून ६५ वर गेला, की मोटारीची धडक बसलेल्या पादचाऱ्याच्या मृत्यूचा धोका साडेचार पटींनी वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

पायी चालणारे आणि वाहने जिथे एकत्र मिसळतात, तिथे कमाल वेग ताशी ३० किलोमीटर असावा, ही शिफारस फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोम येथील जागतिक परिषदेच्या जाहीरनाम्यात आहे. हेलसिंकीने ती गांभीर्याने घेतली. त्या शहरात जुलै २०२५ पर्यंतच्या सलग बारा महिन्यांत रस्ते अपघातात एकही मृत्यू झाला नाही. फिनलंडची लोकसंख्या, हवामान आणि शिस्त वेगळी, हे उत्तर इथे तयारच असते. पण तिथल्या माणसांना आपल्यापेक्षा अधिक डोळे नसतात. तिथे रस्ते अरुंद करून, कॅमेरे बसवून आणि वस्त्यांमधून वेग उतरवून, माणसाची चूक प्राणघातक होऊ नये अशी तजवीज केली गेली. सदाशिव पेठेचे रस्ते तर आयतेच अरुंद आहेत!

देशाचे चित्र याच्या नेमके उलटे आहे. २०१६ मध्ये रस्ते अपघातांत १५ हजार ७४६ पादचारी मृत्युमुखी पडले होते, एकूण बळींच्या साधारण दहा टक्के. २०२३ मध्ये हा आकडा ३५ हजार २२१ झाला, म्हणजे वीस टक्क्यांहून अधिक. सात वर्षांत देशातील पादचारी दुप्पट बेसावध झाले, असे मानायला कोणी धजावणार नाही. वाहने वाढली, रस्ते गुळगुळीत आणि रुंद झाले, वेग वाढला आणि चालणाऱ्याची जागा आक्रसली.

पुण्याच्या अलीकडच्या इतिहासातही कडेला थांबलेल्यांचाच बळी गेल्याची उदाहरणे आहेत. एप्रिल २०१७ मध्ये बाणेर येथे रस्ता ओलांडण्यासाठी दुभाजकावर थांबलेल्यांना मोटारीने उडवले आणि त्यात माय-लेकींचा मृत्यू झाला. डिसेंबर २०२४ मध्ये वाघोलीत पदपथावर झोपलेल्या मजूर कुटुंबांवर डंपर चढला आणि तिघांचे प्राण गेले, त्यांत दोन लहान मुले होती. दुभाजकावर थांबणे हे तर सावधगिरीचेच लक्षण.

कायदा काय म्हणतो

कायदा पादचाऱ्याच्या विरोधात आहे, अशी एक समजूत दिसते. ती खरी नाही. २०१७ च्या मोटार वाहन चालन विनियमांनुसार, सिग्नल नसलेल्या झेब्रा पट्ट्यांजवळ येताना चालकाने वेग कमी करून, थांबून पादचाऱ्याला वाट द्यायची आहे. पदपथावर वाहन चालवण्यास मनाई आहे. पुढे वाहनांची रांग असताना पट्ट्यांवर वाहन उभे करण्यासही मनाई आहे. हे नियम किती वाहनचालकांना ठाऊक आहेत, याची परीक्षा कोणत्याही चौकात दहा मिनिटे उभे राहून घेता येईल. सिग्नल लाल झाला की थांबण्याच्या रेषेच्या पुढे, थेट पट्ट्यांवर दुचाक्यांची पहिली फळी उभी राहते आणि पादचारी त्यांच्या चाकांमधून नागमोडी वाट काढतो. हेल्मेट नसल्याबद्दल पावती फाडणारा हात पट्ट्यांवर उभ्या राहिलेल्या वाहनाकडे क्वचितच वळतो. अपघात झालाच, तर मात्र पादचारी पट्ट्यांवर होता की नव्हता, हा प्रश्न नुकसानभरपाईच्या दाव्यात हटकून उपस्थित होतो. ते पट्टे पुसले गेले होते का, ते वाहनांखाली झाकलेले होते का, हेही तितक्याच आग्रहाने विचारले जायला हवे.

मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये घातलेल्या १९८अ या कलमाची माहिती फारशी कोणाला नाही. रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल ठरवून दिलेल्या मानकांप्रमाणे नसेल आणि त्यामुळे मृत्यू वा अपंगत्व आले, तर संबंधित यंत्रणा, ठेकेदार किंवा सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कोट्यवधींच्या कामांपुढे ही रक्कम हास्यास्पद आहे, हे खरे. तथापि, अपघाताला वाहनचालक आणि पादचारी यांच्याखेरीज तिसराही जबाबदार असू शकतो, हे तत्त्व त्यामुळे कायद्यात आले.

त्याहून महत्त्वाचे पाऊल सर्वोच्च न्यायालयाने उचलले. कोइमतूरचे अस्थिशल्यचिकित्सक डॉ. एस. राजशेखरन यांच्या याचिकेवर १४ मे २०२५ रोजी, म्हणजे भावे हायस्कूलजवळच्या घटनेच्या जेमतेम अडीच आठवडे आधी, न्यायालयाने निर्वेध आणि अपंगांनाही वापरता येतील अशा पदपथांचा हक्क हा घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे स्पष्ट केले. ७ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याच प्रकरणात न्यायालयाने आणखी पुढे जाऊन, देशातील ५० मोठ्या शहरांत पदपथ आणि रस्ता ओलांडण्याच्या जागांची तपासणी करण्याचे निर्देश दिले आणि पादचाऱ्यांविषयीचे नियम करण्यासाठी राज्यांना सहा महिन्यांची मुदत घालून दिली.

पुण्यापुरते बोलायचे, तर कागदाची उणीव कधीच नव्हती. महापालिकेने २०१६ मध्येच पादचारी धोरण स्वीकारले. जंगली महाराज रस्त्यावर पदपथ प्रशस्त झाले आणि तिथे चालणाऱ्यांची गर्दी वाढली, हेही मान्य करायला हवे. २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा एक टप्पा वाहनांना बंद करून पादचारी दिन साजरा होऊ लागला. त्या दिवशी रस्त्यावर रांगोळ्या येतात, बाके येतात, मुले खेळतात, अधिकारी पायी फिरतात. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तोच रस्ता आणि तीच वाहने. व्यापाऱ्यांना गिऱ्हाईक तुटण्याची भीती वाटते आणि रहिवाशांना आपली वाहने कुठे लावायची याची. या दोन्ही शंका खऱ्या आहेत. जवळच मंडई आणि स्वारगेट येथे मेट्रोची भुयारी स्थानके सप्टेंबर २०२४ पासून सुरू झाल्याने त्यांचे उत्तर शोधणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. मात्र मेट्रोतून उतरलेला प्रवासी स्थानकाबाहेर पडताच पादचारीच होतो आणि पेठेपर्यंत त्याला याच पदपथांवरून यायचे असते.

न्यायालयाने सांगितलेली तपासणी सदाशिव पेठेत कशी केली जाते, यावर पुष्कळ अवलंबून आहे. पथ विभागाचा अभियंता रविवारी सकाळी सात वाजता फीत घेऊन आला, तर पदपथाची रुंदी कागदावर पुरेशी भरेल. त्या वेळी दुकानांचे शटर खाली असतात, फलक आत असतात, अभ्यासिकांतले दिवे नुकते लागलेले असतात आणि पेरूगेटवरून शनिपारापर्यंत एखादा माणूस रस्त्याच्या मधोमध चालत जाऊ शकतो. तीच मोजणी कामाच्या दिवशी, शाळा सुटताना आणि पुन्हा सायंकाळी सहाच्या सुमारास करायला हवी. ती करताना सोबत वाहतूक शाखेचा एक अधिकारी असावा, चाकांच्या खुर्चीवरची एक व्यक्ती असावी, पेठेतले काठी टेकत चालणारे एखादे आजोबा असावेत आणि अभ्यासिकेतून चहासाठी बाहेर पडलेले दोन विद्यार्थी. पट्ट्यांवरून पलीकडे पोहोचायला आजोबांना किती सेकंद लागले, हे घड्याळ लावून नोंदवावे आणि सिग्नलची वेळ त्यावरून ठरवावी. दुचाक्या कुठे लागतात, चहासाठी गर्दी कुठे होते, बस प्रत्यक्षात कुठे थांबते, हे नकाशावर न शोधता जागेवर उभे राहून पाहावे. भावे हायस्कूलजवळ त्या शनिवारी मोटार जिथून आत घुसली, तिथून या मोजणीला सुरुवात करायला हरकत नसावी.